न्यूक्लिक आम्लांचे बेस धातूला चिकटतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोषण आणि अधिशोषण एकच ना?

नाही. स्पंज पाणी पितो ते शोषण. पाणी त्याच्या अंगभर मुरते. फिल्टरमधला कोळसा पाण्यातला वास धरून ठेवतो ते अधिशोषण. वासाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर बसून राहतात, कोळशाच्या आत विरघळत नाहीत. इथे आपण दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलणार आहोत. बेसचा रेणू सोन्याच्या पत्र्यावर येऊन बसतो आणि आतले सोने जसेच्या तसे राहते.

बेस म्हणजे नेमके कोणते रेणू?

ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन, थायमिन, आणि आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरॅसिल. पहिल्या दोघांत दोन कड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यांना प्युरिन म्हणतात. उरलेल्या तिघांत एकच कडी असते, ते पिरिमिडीन. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दोन गुण महत्त्वाचे. एक म्हणजे हे सगळे रेणू जवळजवळ सपाट आहेत, चकतीसारखे. दुसरे म्हणजे त्यांच्या कडेला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू आहेत, आणि त्या अणूंकडे कुणाशीही वाटून न घेतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आहेत. चकतीचा सपाट भाग धातूला एका तऱ्हेने धरतो, कड दुसऱ्या तऱ्हेने. या विषयातले बरेचसे वाद कोण कशाने धरतो याचेच आहेत.

मग त्यांना धातूला धरून ठेवणारे बल कोणते?

एकच बल नाही. चकती सपाट पडली की तिचा सबंध पृष्ठभाग धातूच्या जवळ येतो आणि व्हॅन डर वाल्स आकर्षण काम करू लागते. प्रत्येक अणूचा वाटा लहान, पण दहा-पंधरा अणू एकदम जवळ आले की बेरीज बरीच होते. प्युरिनमध्ये अणू जास्त, म्हणून तिथे हा वाटाही मोठा. सोन्यावर सपाट पडलेला बेस धातूच्या वरच्या थरापासून साधारण ०.३ नॅनोमीटर अंतरावर असतो. रासायनिक बंध म्हणायला हे अंतर जास्तच आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे कडेच्या नायट्रोजनने किंवा ऑक्सिजनने आपली इलेक्ट्रॉन-जोडी धातूच्या अणूपुढे करायची. हा बंध आखूड असतो, त्याला दिशा असते, आणि त्यासाठी रेणूला तिरके किंवा उभे व्हावे लागते.

तिसरी तऱ्हा सहसा विसरली जाते. रेणूत विद्युतभार सगळीकडे सारखा वाटलेला नसतो. असा रेणू धातूजवळ आला की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन सरकतात आणि आरशात प्रतिमा पडावी तसा उलटा भार समोर उभा राहतो. रेणू आणि त्याची ही प्रतिमा एकमेकांना ओढतात. तांब्याच्या ११० पृष्ठभागावर (स्फटिक कोणत्या दिशेने कापला हे अशा तीन आकड्यांनी सांगतात) ॲडेनिन कसे बसते याची २००५ मध्ये झालेली गणना याच दिशेने बोट दाखवते: ॲडेनिनच्या अमिनो गटाची (एक नायट्रोजन, दोन हायड्रोजन) पकड इलेक्ट्रॉन वाटून घेण्यापेक्षा या प्रतिमा-आकर्षणावर जास्त उभी आहे.

सर्वांत घट्ट कोणता बेस चिकटतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि चुकीची उत्तरेही याचीच सगळ्यात जास्त फिरतात. कारण 'कुठे, कशात, कुणासोबत' हे न सांगता उत्तर दिले जाते.

२००२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठ इथल्या गटांनी सोन्यावर सुट्या बेसांचा थर दिला, निर्वातात हळूहळू तापवला आणि कोणता बेस कोणत्या तापमानाला सुटतो ते मोजले. त्यातून क्रम निघाला तो असा: ग्वानिन पहिला, मग ॲडेनिन, त्याच्या अगदी मागोमाग सायटोसिन, शेवटी थायमिन. थायमिन सोडवायला सुमारे १११ किलोज्यूल प्रति मोल लागले, ॲडेनिनला सुमारे १३१, ग्वानिनला सुमारे १४६.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेच्याच नौदल संशोधन प्रयोगशाळेतील आणि राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी पाण्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच बेसच्या छोट्या एकपदरी साखळ्या घेतल्या, म्हणजे नुसत्या ॲडेनिनची, नुसत्या थायमिनची वगैरे, आणि त्यांना सोन्यावरच्या जागेसाठी एकमेकींशी झगडायला लावले. तिथे ॲडेनिन निर्विवाद पहिले आले. त्यानंतर सायटोसिन, त्याच्या बरोबरीने किंवा किंचित खाली ग्वानिन, आणि थायमिन पुन्हा तळाला.

आता ग्वानिन पहिल्या क्रमांकावरून तिसऱ्यावर कसे घसरले? पहिला प्रयोग विचारतो की एकदा बसलेला रेणू उठवायला किती ऊर्जा लागते. दुसरा विचारतो की पाणी, क्षार आणि प्रतिस्पर्धी हजर असताना जागा कुणाला मिळते. पाण्यात रेणूला धातूकडे येताना आपल्याभोवतीचे पाणी सोडावे लागते आणि धातूवरचे पाणी हटवावे लागते. त्यातून ग्वानिनला आपल्याच जातीच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी गुंतायची सवय भारी. शिवाय सुटा बेस आणि साखळीतला बेस यांना चिकटायला सारख्या जागा मोकळ्या नसतात, त्याबद्दल पुढे.

दोन्ही क्रम बरोबर आहेत. निर्वातातला क्रम सांगून त्यावर पाण्यात चालणाऱ्या सेन्सरची रचना करणे मात्र चूक, आणि ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. छातीठोकपणे सांगता येईल असे एकच: सोन्यावर थायमिनची पकड सगळ्यात ढिली.

१११ आणि १४६ किलोज्यूल यांत फरक तो कितीसा?

आकड्यांत ३५ चा, वेळेत अफाट. पृष्ठभागावर बसलेला रेणू सतत थरथरत असतो, सेकंदाला साधारण १० लाख कोटी वेळा. त्यातल्या एखाद्या थरथरीत पुरेशी ऊर्जा जमली तर तो सुटतो. हे गणित घातांकी आहे. २५ अंश सेल्सिअसला, निर्वातात, १११ किलोज्यूलची पकड असलेला रेणू सरासरी महिनाभर बसून राहील. १४६ किलोज्यूलवाला एक लाख वर्षांहून अधिक.

अर्थात हे कागदावरचे गणित आहे. थरथरीचा दर थोडा बदलला की वर्षे दसपटीने इकडेतिकडे होतात, आणि पाण्यात तर दुसरा रेणू येऊन जागा बळकावू शकतो, त्यामुळे कुणीही लाख वर्षे बसत नाही. पण तुलनेसाठी हे ध्यानात ठेवावे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची सर्वसाधारण ऊर्जा २.५ किलोज्यूल प्रति मोल आहे. पकडीत दर पाच-सहा किलोज्यूलची भर पडली की मुक्काम दसपट वाढतो.

रेणू सपाट पडतो की उभा राहतो?

सोन्याच्या १११ पृष्ठभागावर, निर्वातात, विरळ थर असेल तर सपाट. थर दाट झाला, पाणी आले किंवा धातू अधिक क्रियाशील असला तर तो तिरका किंवा उभा होऊ शकतो.

हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती आहे. धातूवर अवरक्त किरण तिरके सोडून परावर्तित प्रकाश तपासला तर रेणूतली सगळी कंपने दिसत नाहीत. पृष्ठभागाला समांतर होणाऱ्या कंपनाला धातूतली प्रतिमा खोडून टाकते. काटकोनात होणारे कंपन मात्र दुप्पट उठून दिसते. थायमिनमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध चकतीच्या पातळीतच ताणला जातो. म्हणून चकती सपाट पडली की त्याची खूण वर्णपटातून नाहीशी होते आणि उभी राहिली की ठसठशीत दिसते. नवख्याला वाटते नमुना बसलाच नाही. बसलेला असतो, आडवा.

युरॅसिलचे सोन्याच्या इलेक्ट्रोडवरचे वागणे तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. इलेक्ट्रोडचे विभव (व्होल्टेज) ऋण बाजूला ठेवले तर रेणू सपाट पडून राहतो. विभव धन बाजूला नेले की तो एक प्रोटॉन सोडतो, उठून उभा राहतो आणि नायट्रोजन-ऑक्सिजनने सोन्याला धरतो. विभव मागे घेतले की पुन्हा आडवा.

सोने, चांदी आणि तांबे यांत फरक का पडतो?

अणूंमधले अंतर पाहिले तर सोने आणि चांदी जुळी भावंडे आहेत: ०.२८८ आणि ०.२८९ नॅनोमीटर. तांब्याचे अंतर ०.२५६. पण अंतरापेक्षा इलेक्ट्रॉनांचा स्वभाव महत्त्वाचा. सोने बंध करायला नाखूश असते, म्हणून तिथे बेस जवळपास मूळ रूपातच राहतो. तांबे प्रोटॉन काढून घ्यायला तयार असते. युरॅसिलवरचा २०१२ चा अभ्यास हे नेमके दाखवतो: सोन्याच्या आणि चांदीच्या १११ पृष्ठभागांवर रेणू अखंड राहतो, तर तांब्याच्या १११ वर तो प्रोटॉन गमावून धातूशी खरा रासायनिक बंध करतो. त्यामुळे 'युरॅसिल तांब्यावर अमुक रचना करते' असे वाचले तर तो रेणू युरॅसिलच उरला आहे का, हे आधी तपासावे.

एकाच धातूचे वेगवेगळे पृष्ठभागही वेगळे वागतात. १११ पृष्ठभाग दाट आणि गुळगुळीत असतो; ११० वर अणूंच्या रांगा आणि त्यांमध्ये चर असतात, त्यामुळे रेणूंना ठरावीक दिशेनेच बसणे सोयीचे पडते. पायऱ्या आणि कडा तर सगळीकडेच जास्त चिकट. नॅनोकणांवर अशा कडाच कडा असतात.

पृष्ठभागावर बसल्यावर हे रेणू एकमेकांशी काय करतात?

इथे गंमत सुरू होते. सोन्याची पकड सपाट आणि सौम्य असल्याने रेणूंना सरकायची मुभा असते, आणि ते हायड्रोजन बंधांनी एकमेकांना शोधून नक्षी तयार करतात.

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठातल्या फ्लेमिंग बेसेनबाखर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की सोन्याच्या १११ पृष्ठभागावर ग्वानिन चार-चारच्या चौकड्या करते आणि त्या चौकड्यांचे जाळे पसरते. गुणसूत्रांच्या टोकांशी ग्वानिनच्या ज्या चौकड्या बनू शकतात, त्यांच्याशी हिचे नाते आहे. मात्र पेशीतल्या चौकडीला मधोमध पोटॅशियमसारखा धन आयन लागतो आणि ही त्याच्याशिवायच उभी राहते. एका रेणूने केलेला बंध शेजाऱ्याचा बंध बळकट करतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

त्याच गटाने २००८ मध्ये सायटोसिन पाहिले तर तिथे नक्षी नाहीच. वेड्यावाकड्या साखळ्या, पाच-सहा रेणूंची कडी, पुन्हा साखळ्या, कुठेही आवर्तन नाही. काचेची द्विमितीय प्रतिकृतीच म्हणा. मला स्वतःला हा निकाल चौकड्यांपेक्षा जास्त बोलका वाटतो. सुबक नक्षीची चित्रे मुखपृष्ठावर जातात, पण मोजक्याच तुकड्यांपासून इतका अव्यवस्थित पसारा कसा उभा राहतो हे सायटोसिन शिकवते.

ॲडेनिनची गोष्ट वेगळी. हा रेणू सपाट असल्यामुळे मोकळा असताना त्याच्यात डावे-उजवे असा भेद नसतो. पण पत्र्यावर ठेवला की भेद उत्पन्न होतो: उताणा आणि पालथा पडलेला ॲडेनिन एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात आणि नुसते फिरवून एक दुसऱ्यावर बसत नाही. तांब्याच्या ११० पृष्ठभागावर ॲडेनिनच्या रांगांशेजारी फिनाइलग्लायसिन हे अमिनो आम्ल सोडले, तर रांग कोणत्या हाताची आहे त्यानुसार ती डावे किंवा उजवे अमिनो आम्ल निवडून घेते. हे २००३ मध्ये दाखवले गेले, आणि जीवसृष्टीतला डावे-उजवेपणा आला कुठून याचा विचार करणाऱ्यांचे लक्ष तिकडे जाणे साहजिक होते.

हे सगळे पाहतात कसे?

मुख्यतः स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने. गेर्ड बिनिंग आणि हाइनरिश रोरर यांनी तो १९८१ मध्ये झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बनवला आणि १९८६ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला. अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून अणूभराच्या अंतरावरून फिरते आणि त्या फटीतून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो.

आधी धातू स्वच्छ करावा लागतो: आर्गॉन आयनांचा मारा, मग तापवणे, पुन्हा मारा. दाब वातावरणाच्या सुमारे दहा लाख कोटीव्या भागाइतका ठेवतात. कारण साधे आहे. दाब त्याच्या दहा हजारपट असता तर पृष्ठभाग काही सेकंदांत उरल्यासुरल्या वायूंनी झाकला गेला असता. या दाबाला काही तास मिळतात. मग बेसची पूड तापवून तिची वाफ धातूवर सोडायची. ग्वानिन इथे त्रास देते. त्याला जास्त तापवावे लागते आणि फार घाई केली तर ते वाफ होण्याऐवजी विघटित होते.

या मायक्रोस्कोपने डीएनएचा क्रम वाचता येईल का?

थोडासा वाचलाही गेला आहे. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या तनाका आणि कावाई यांनी २००९ मध्ये तांब्याच्या १११ पृष्ठभागावर एकपदरी डीएनए पसरून त्यातल्या ग्वानिनच्या जागा ओळखल्या. ग्वानिनची इलेक्ट्रॉनीय खूण इतर तिघांपेक्षा वेगळी पडते. चारही अक्षरे सरसकट वाचणे मात्र अवघड, आणि क्रमवाचनाच्या इतर पद्धती इतक्या पुढे गेल्या आहेत की या वाटेने रोजचे काम होईल असे वाटत नाही.

पाऱ्याचा या विषयाशी काय संबंध?

मोठा आहे, आणि विसरला गेला आहे. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील ब्र्नो शहरात एमिल पालेचेक यांनी १९६० मध्ये पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनए विद्युत-रासायनिक खूण देतो हे दाखवले. त्याच दशकात व्लादिमीर व्हेटर्ल यांना आढळले की बेस पाऱ्यावर नुसते चिकटत नाहीत, ठरावीक विभवाला एकदम एका रेणूइतक्या जाडीचा घट्ट थर करतात, जणू पृष्ठभागावरच द्रव गोठावा. पारा द्रव असल्याने त्याला पायऱ्या नाहीत, कडा नाहीत, आणि प्रत्येक नवा थेंब नवा कोरा पृष्ठभाग देतो. स्वच्छ पृष्ठभागासाठी इतके सोपे साधन पुढे मिळाले नाही.

सुट्या बेसचे निष्कर्ष डीएनएला लागू होतात का?

जपून. साखळीत प्रत्येक प्युरिन आपल्या नवव्या क्रमांकाच्या नायट्रोजनने आणि प्रत्येक पिरिमिडीन पहिल्या क्रमांकाच्या नायट्रोजनने साखरेला जोडलेला असतो. सुट्या रेणूत हीच जागा मोकळी असते, तिथला प्रोटॉन सुटू शकतो, धातू तिथे पकड घेऊ शकतो. म्हणजे सुट्या बेसने जी जागा वापरून निकाल दिला, ती डीएनएमध्ये मुळी उपलब्धच नाही. याशिवाय साखळीला फॉस्फेटचा ऋण भार असतो आणि ती वाकते, गुंडाळते, स्वतःशीच जोड्या लावते.

दुपदरी डीएनएमध्ये बेस आत लपलेले आणि भारित फॉस्फेट बाहेर, म्हणून तो सोन्याला फारसा धरत नाही. एकपदरी धरतो. या फरकावर २००४ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून एक सुटसुटीत चाचणी आली. सायट्रेटचा थर असलेले साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात लाल दिसतात. त्यात मीठ घातले की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर होतो. आधी एकपदरी डीएनए घातला असेल तर तो कणांवर बसतो, ऋण भार वाढवतो आणि मिठानंतरही रंग लाल राहतो. दुपदरी घातला तर निळा.

सल्फरने डीएनए बांधल्यावरही बेस का आड येतात?

सोन्यावर डीएनए बांधायचा तर टोकाला थायोल हा सल्फरचा गट लावतात. सल्फर-सोने बंध बेसच्या पकडीपेक्षा बळकट असतो. पण साखळी लांब असते आणि तिचे डझनभर बेस मिळून सोन्याला धरतात. मग साखळी ताठ उभी राहण्याऐवजी आडवी लोळते आणि समोरच्या साखळीशी जोडी जमत नाही. यावर १९९७ पासून चालत आलेला उपाय म्हणजे मर्कॅप्टोहेक्सॅनॉल. हा छोटा थायोल मधल्या जागा बळकावतो आणि बेसना उठवतो.

उलटा डाव खेळणारेही आहेत. ॲडेनिनची पकड इतकी चांगली, तर तिचाच नांगर का करू नये? साखळीच्या एका टोकाला सलग ॲडेनिन लावायचे. तो तुकडा सोन्यावर पडून राहतो आणि उरलेला भाग मोकळा उभा राहतो. नांगराची लांबी वाढवली की साखळ्यांमधले अंतर वाढते. सल्फरची गरजच नाही.

पाण्याची आम्लता किती महत्त्वाची?

खूप. सुमारे ४.५ पीएचच्या खाली ॲडेनिन आणि सायटोसिन प्रोटॉन घेऊन धन होऊ लागतात, त्यामुळे साखळीचा ऋण भार कमी होतो आणि ऋण भाराचे सोन्याचे कण तिला कमी झिडकारतात. पीएच ३ च्या आसपास सायट्रेट द्रावणात डीएनए काही मिनिटांत कणांवर चढतो. मीठ हळूहळू वाढवत नेण्याच्या जुन्या पद्धतीला एखादा दिवस लागे. थायमिनला या आम्लतेने फरक पडत नाही, त्याचा प्रोटॉन ९.९ च्या आसपास सुटतो.

रामन वर्णपटात नेहमी ॲडेनिनच का दिसते?

रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग रेणूच्या कंपनांमुळे किंचित बदलतो, त्याची नोंद म्हणजे रामन वर्णपट. खडबडीत चांदीवर किंवा चांदीच्या कणांवर हा संकेत प्रचंड वाढतो. हा परिणाम १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टनला पिरिडीन या वेगळ्या रेणूवर प्रथम दिसला. ॲडेनिन चांदीला चांगले चिकटते आणि त्याच्या कड्यांचे 'श्वास घेणारे' कंपन सुमारे ७३५ प्रति सेंटिमीटरला ठळक रेषा देते. म्हणून मिश्र नमुन्यातही तीच रेषा डोळ्यांत भरते. जीवाणूंच्या नमुन्यांतही ही रेषा वारंवार दिसते, तेव्हा ती दिसली म्हणजे अमुकच जीवाणू सापडला असे मानू नये.

संगणकाच्या गणनेवर कितपत विसंबावे?

कोणत्या वर्षीची आणि कोणत्या पद्धतीची, ते पाहून. अशा गणना बहुधा घनता-फलन सिद्धांताने (डीएफटी) करतात, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढतात. त्याच्या जुन्या नेहमीच्या रूपांत व्हॅन डर वाल्स आकर्षण जवळजवळ धरलेलेच नसे. सोन्यावरच्या बेसची मुख्य पकड तीच, त्यामुळे त्या गणनांत बेस सोन्याला धड चिकटतच नसे. २००४ नंतर ही उणीव भरून काढणाऱ्या निरनिराळ्या दुरुस्त्या आल्या आणि आकडे प्रयोगाच्या जवळ सरकले. दोन निबंधांतले आकडे ताडून पाहताना ही दुरुस्ती आहे की नाही ते आधी बघा. एकक इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल तर ९६.५ ने गुणा, म्हणजे किलोज्यूल प्रति मोल मिळतील.

सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध याच तत्त्वावर चालते का?

नाते आहे, पण तत्त्व तेच नव्हे. त्या औषधातला प्लॅटिनमचा एकटा आयन ग्वानिनच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला खरा रासायनिक बंध करून धरतो. त्याला शेजारी धातूचा पत्रा नाही, प्रतिमा-भार नाही, सपाट पडायला जागा नाही. मात्र तो सातवा नायट्रोजन दुपदरी डीएनएमध्येही बाहेरच्या बाजूला उघडा राहतो.